शेळीला चार पाय, कवितेच्या ओळीलाही चार

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. त्या पहिलीला शिकवतात. थोडक्यात असा: "प्राण्यांच्या कविता मुलांना आवडतात, आठवड्यात पाठही होतात. पण 'यमक जुळणारे शब्द सांगा' म्हटलं की वर्ग गप्प. आणि म्हणताना सगळ्या कविता एकाच सुरात, ओरडून म्हणतात. यमक आणि लय या वयात खरंच शिकवता येते का? कुठून सुरुवात करू?"

ताई, येते. पण तुम्ही शेपटाकडून सुरुवात करताय. पायांकडून करा.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरी शिकवली, आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही हेच करत होते. फळ्यावर जोड्या लिहायच्या, शेवटच्या अक्षराखाली रंगीत खडूने रेघ मारायची, "बघा, दोन्हीकडे ली आहे" म्हणायचं. मुलांनी यातून एवढंच उचललं की शेवटचं अक्षर सारखं असलं की झालं यमक. मग वहीत 'घर – पोर' अशी जोडी यायची आणि मी तिच्यापुढे बरोबरची खूण करायचे. कानाला विचारलं असतं तर कानाने लगेच नाही म्हटलं असतं. 'घर' कानाला 'सर', 'वर', 'भर' यांच्या रांगेत ऐकू येतो आणि 'पोर' जातो 'मोर', 'चोर', 'दोर' यांच्याकडे. यमक डोळ्यांनी शिकवलं की असं होतं.

एकदा मी वर्गात विचारलं, "शेळीशी जुळणारा शब्द सांगा." पहिल्या बाकावरची एक चिमुरडी ताडकन उठून म्हणाली, "बकरी!" तिचं काहीच चुकलं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलाला 'जुळणारा' म्हणजे अर्थाने जुळणारा वाटतो. शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून नुसता त्याचा आवाज ऐकायचा, ही मोठ्या कसरतीची गोष्ट आहे आणि ती आपण एका प्रश्नात मागत असतो. वर्ग गप्प बसतो तो यामुळे. त्यांना यमक येत नाही असं नाही, आपण काय विचारतोय ते त्यांना कळत नाही.

आता पायांचं सांगते. 'चरण' म्हणजे पाय, आणि कवितेच्या ओळीलाही आपण चरणच म्हणतो. मुलांशी बोलताना मी हे थोडं बदलून घेते: कवितेची प्रत्येक ओळ हा एक प्राणी, त्याला चार पाय आणि शेवटी एक शेपूट. पाय म्हणजे ठेके, शेपूट म्हणजे यमक. आधी प्राणी चालला पाहिजे, शेपूट हलवणं नंतर.

कविता पुस्तकातलीच हवी असं नाही. मी वर्गासाठी स्वतः जुळवलेली एक देते, हवी तर वापरा:

टुणटुण टुणटुण शेळी आली
भिंतीवरुनी उतरे खाली
माझी पाटी चाटुन पाही
म्हणते, बाई, मीठच नाही!

प्रत्येक ओळीत चार-चार मात्रांचे चार ठेके आहेत (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन). तुम्हाला मात्रा मोजायची सवय असेल तर १६ भरतील. पादाकुलक नावाच्या वृत्ताची चाल म्हणतात ती हीच. मुलांना यातलं काहीही सांगायचं नाही. तबल्याच्या भाषेत हा केहरवा, आठ मात्रांचा. ओळीत दोन आवर्तनं बसतात.

पहिल्या दिवशी ही कविता शिकवू नका, चालवा. बाकं मागे सारा किंवा सरळ मैदानावर जा. तुम्ही म्हणा आणि मुलांनी ठेक्यावर पाऊल टाकायचं: टुणटुण – एक, टुणटुण – दोन, शेळी – तीन, आली – चार. शेळी आहे म्हणजे उड्या मारत. एकाही मुलाने तोंडाने काही म्हटलं नाही तरी चालेल. पाच-सात मिनिटांत निम्मा वर्ग आपोआप म्हणायला लागतो, आणि गंमत म्हणजे ओरडत नाही. उडी मारणाऱ्याला ओरडायला दम उरत नाही. तुमच्या प्रश्नातल्या ओरडण्याचा मला माहीत असलेला हा एकमेव उपाय. "हळू म्हणा" असं कितीही सांगा, उपयोग होत नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊल सोडून टाळी घ्या. इथे एक गोष्ट नीट सांभाळा. पुष्कळ शिक्षक अक्षरागणिक टाळी वाजवतात: शे-पू-ट, तीन टाळ्या. तोंडाने म्हणून बघा. आपण 'शे-पूट्' म्हणतो, दोनच. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण बोलताना गिळतो, मधलाही पुष्कळदा. 'मीठच' म्हणजे मी-ठच्, 'टुणटुण' म्हणजे टुण्-टुण्. लिहिता येऊ लागलेली हुशार मुलं तीन टाळ्यांवर अडून बसतील, कारण त्यांना डोळ्यांपुढे अक्षरं दिसतात. त्यांच्याशी वाद घालू नका. हनुवटीखाली हात ठेवून शब्द म्हणायला सांगा, हनुवटी किती वेळा खाली येते ते त्यांचं त्यांना कळतं. (गाताना मात्र हाच गिळलेला अ पुन्हा जागा होतो. ओवी किंवा अभंग ऐकताना लक्ष द्या.)

साधनं विकत घेऊ नका. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं जे काम उभं केलं, त्यात माँटेसरीच्या महाग साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरल्या. शिंपले, बिया, पानं, खडे. ठेक्याला तर दोन गुळगुळीत दगड पुरतात. रिकाम्या डब्यात चिंचोके घातले की खुळखुळा झाला. माझ्या एका वर्गात एका मुलाचे वडील हलगी वाजवायचे. ते एक दिवस शाळेत आले आणि त्यांनी शेळीच्या चार ओळी हलगीवर वाजवल्या. त्यानंतर महिनाभर मला लय या विषयावर काही बोलावं लागलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाल बदला. सगळ्या कविता एका सुरात म्हटल्या जातात, कारण मुलांना एकच चाल ऐकवलेली असते, शाळेची चाल. त्यांच्यापुढे दुसरा प्राणी आणा, वेगळ्या पायांचा:

डुलत डुलत म्हैस निघे
हळूच वळून मला बघे
चिखल दिसे, तिथे बसे
पाठीवरी कोण हसे?

इथेही ठेके चारच, पण प्रत्येक ठेका तीन मात्रांचा. दादरा या तालाचं अंग. म्हणताना 'हळूच', 'वळून', 'पाठीवरी' यांतले दीर्घ आखूड होतात, त्याचा बाऊ करू नका. मुलांना एवढंच सांगा की आता म्हैस व्हा. ती शेळीसारखी उड्या मारायला गेली की अडखळते आणि वर्ग खो खो हसतो. शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला दरवेळी वेगळ्या मुलाला उभं करा. बगळा, कावळा, मैना, काहीही येऊ दे. एक ओळ शेळीच्या चालीवर, लगेच एक म्हशीच्या, असं आलटून पालटून केलं की लय म्हणजे काय ते मुलांना शब्दाविना कळतं. फरक दिसायला दोन वस्तू लागतात. एकच कविता महिनाभर घोटली तर तो कधी दिसणार नाही.

आपल्या जुन्या छंदकारांनाही प्राण्यांची चाल फार भावलेली दिसते. शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाची क्रीडा, आणि भुजंगप्रयात म्हणजे सापाचं जाणं. रामदासांचे मनाचे श्लोक याच सापाच्या चालीत आहेत: एक लघु, दोन गुरु, असं चारदा. तिसरी-चौथीच्या मुलांना मी "हळू ये, हळू ये, हळू ये भुजंगा" एवढीच ओळ देऊन मैदानावर नागमोडी चालवत असे. एक छोटं पाऊल, दोन लांब. श्लोक ज्यांना घरी पाठ असत ती मुलं दोन मिनिटांत ओळखत, "बाई, हे तर मनाचे श्लोक!" पण हे पहिलीसाठी नाही, मोह आवरा.

आता शेपूट.

पाय पक्के झाले की यमक फारसं शिकवावं लागत नाही, ते ऐन ठेक्यावर येतं आणि कान त्याची वाटच बघत असतो. तुम्ही म्हणा, "भिंतीवरुनी उतरे..." आणि थांबा. मुलं म्हणतील "खाली". मग लबाडी करा: "भिंतीवरुनी उतरे वरती". वर्ग उसळतो. का बरं चुकलं? बहुतेक जण सांगतील की उतरतात ते खाली, वर कसं? म्हणजे पुन्हा अर्थ. म्हणून पुढची लबाडी अशी निवडा की अर्थ बरोबर आणि शेपूट चूक: "भिंतीवरुनी मारी उडी". अर्थाला काही झालेलं नाही, तरी काहीतरी खटकतं. त्या खटकण्यावर दोन मिनिटं थांबा. वर्गात कोणीतरी म्हणेल, "बाई, गाण्यासारखं नाही लागत." माझ्या लेखी यमकाचा पाठ या वाक्यापाशी सुरू होतो.

उलटही करा. शेवटची ओळ "म्हणते, बाई, साखर नाही" म्हणा, "चटणी नाही" म्हणा. मुलं हसतील पण अडवणार नाहीत, कारण पाय शाबूत आहेत आणि शेपूटही. "म्हणते, बाई, कोथिंबीर नाही" म्हटलं की पाय अडकतो. कुठल्या भाज्या बसतात आणि कुठल्या बसत नाहीत हा खेळ अर्धा तास चालतो. तेवढा चालू देऊ नका, दहा मिनिटांत थांबवा, म्हणजे उद्या तीच मुलं मागून घेतील.

घरचा एक खजिना आहे त्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपण सगळे दिवसभर 'चहाबिहा', 'पाणीबिणी', 'शाळाबिळा' म्हणत असतो. हे काय आहे? शब्दाचं डोकं कापायचं, तिथे 'बि' बसवायचा, शेपूट तेच ठेवायचं. म्हणजे प्रत्येक मराठी मूल पहिलीत येण्याआधीच यमक बनवायला शिकलेलं असतं, त्याला फक्त ठाऊक नसतं. म्हणून मी 'जुळणारा शब्द सांगा' असं कधीच विचारत नाही. मी म्हणते, "शेळी..." मुलं म्हणतात, "बिळी!" "म्हैस..." "बिस!" "मांजर..." "बिंजर!" मग पुढे, "आता बि नको, दुसरं डोकं लावू या. के लावला तर?" "केळी!" "वे लावला तर?" "वेळी!" अर्थ नसलेले शब्दही येतील, 'टेळी', 'फेळी'. ते खोडू नका. निरर्थक शब्द बनवता आला म्हणजे मुलाने अर्थाचा हात सोडून आवाज पकडला, आणि आपल्याला नेमकं तेच हवं होतं. 'शेळी – बकरी'वाल्या त्या मुलीने चौथ्या दिवशी 'भेळी' म्हटलं तेव्हा मला जो आनंद झाला तो तिला कळला नाही, ती भेळ खायचा विचार करत होती.

किती काटेकोर राहायचं हा प्रश्न येतोच. 'आली – खाली – झाली' हे भरभक्कम शेपूट. 'आली – गेली' अर्धं, कारण शेवटचं अक्षर जुळलं तरी आधीचा स्वर वेगळा. 'नाही'ला कोणी 'आई' दिलं तर ते जवळचं. पहिलीत तिन्ही घ्या. फक्त शाबासकीत फरक ठेवा: "हे जुळलं" आणि "हे अगदी चिकटलं". दुसरीत मुलं स्वतःच चिकटलेल्याच्या मागे लागतात.

प्राण्यांच्या पिल्लांची मराठी नावं तर जणू याच कामासाठी घडवली आहेत. गाईचं वासरू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, आणि आईचं लेकरू. सगळी एका शेपटाची. टाळ्याही सारख्या पडतात: वास-रू, कोक-रू, लेक-रू. शेळीचं करडू आणि म्हशीचं रेडकू जरा बाजूला राहतात, त्यांना 'डू' आणि 'कू'चे सोबती शोधायला मुलांनाच पाठवा.

आता मराठीत शिकवणाऱ्याला अडणारी एक खास जागा. मुलांना प्राणी बदलायला सांगितलं की ती म्हणतात, "धपधप धपधप हत्ती आला, भिंतीवरुनी उतरे खाली." हत्ती भिंतीवर कशाला गेला ते सोडा. 'आली'चं 'आला' झालं आणि शेपूट तुटलं. आपल्याकडे लिंग बदललं की क्रियापदाचं शेपूट बदलतं. इंग्रजी पद्धतीच्या पुस्तिकांत "प्राण्याचं नाव बदला" असा सरधोपट खेळ असतो, तो मराठीत तसाच चालत नाही, आणि त्यातच त्याची मजा आहे. आता आला, प्याला, झाला असे सोबती हवेत. आमच्या वर्गात हे असं सुटलं:

धपधप धपधप हत्ती आला
हौदामधले पाणी प्याला

मुंगी तुरुतुरु आली, घोडा टपटप आला, वासरू दुडुदुडु आलं. लिंग, चाल आणि यमक एका फटक्यात. व्याकरणाचा तास वेगळा घेतला असता तर यातलं निम्मंही पोचलं नसतं.

बोलीचं एक सांगून ठेवते, कारण तुम्ही कुठे शिकवता ते लिहिलेलं नाही. वऱ्हाडात मूल घरी 'शेयी' आणि 'केयी' म्हणत असेल. पण यमक जागच्या जागी आहे! शेयी – केयी अगदी चिकटलेलं. डोळा – गोळा असो की डोया – गोया, कानाला दोन्ही जोड्या पटतात. पाणी – राणीचं पानी – रानी झालं तरी तेच. तेव्हा या दहा मिनिटांत उच्चार सुधारत बसू नका. मूल गप्प होतं आणि मग यमकही जातं, उच्चारही जातो. ळ नंतर येतो, वाचनातून.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मुख्याध्यापक किंवा पालक विचारतील: हा खेळ कशासाठी, यातून वाचन येणार का? ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांचा १९८३ चा एक गाजलेला अभ्यास आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्द ऐकवून त्यातला न जुळणारा ओळखायला सांगितलं, आणि ज्यांचा कान यात तयार होता ती पुढे वाचनातही चांगली निघाली. तो अभ्यास इंग्रजीचा होता. आपली लिपी अक्षरांची, म्हणून आपल्या मुलांना टाळ्यांनी शब्दाचे तुकडे पाडता येणं हे यमकाच्याही आधी हाताशी हवं असं मला अनुभवाने वाटतं. म्हणून तर पाय आधी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आहे, त्यातही खेळातून शिकण्यावरच भर आहे. एवढं सांगितलं की सहसा पुरतं.

'वेगळा कोण' हा खेळ तपासणीसाठी तुम्हीही घ्या. शेळी, केळी, म्हैस. नंतर जरा अवघड, मोर, चोर, घर. शब्द तोंडीच, चित्रं किंवा अक्षरं न दाखवता. दोन-तीन आठवड्यांनंतरही एखादं मूल इथे सतत चुकत असेल, आणि हाक मारल्यावरही उशिरा वळून बघत असेल, तर पालकांना कान तपासून घ्यायला सांगा. सर्दीने कान भरलेली मुलं आपल्याला मठ्ठ वाटत राहतात. माझ्याकडून ही चूक झाली आहे, आणि ती मला अजून टोचते. बोलताना अडखळणारी मुलं मात्र ठेक्यावर, सगळ्यांबरोबर म्हणताना बरेचदा मोकळी होतात. त्यांना एकट्याने म्हणायला उभं करण्याची घाई करू नका.

वेळेचं म्हणाल तर रोज दहा मिनिटं, एका कवितेला सहा दिवस. लिहिण्याचं काम सहाव्या दिवसाआधी नाही. स्वाध्यायातला 'यमक जुळणारे शब्द लिहा' हा प्रश्न तेव्हाच सोडवा. कान तयार झालेला वर्ग तो पाच मिनिटांत उडवून लावतो.

आणि शेवटी दोन ओळी मुलांना रचू द्या, तोंडी. तुम्ही फक्त पहिली ओळ द्यायची. मी एकदा "टुणटुण टुणटुण करडू आले" दिली. एका मुलाने पुढे जोडलं, "दूध पिऊन खूप मोठे झाले." शेपूट झकास चिकटलं होतं. सगळा वर्ग ती ओळ म्हणत गोलात चालायला लागला आणि 'खूप'पाशी येऊन एकमेकांवर आदळला. पुन्हा चालले, पुन्हा आदळले. मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या फेरीला ओळ रचणारा स्वतःच थांबला, पायांकडे बघत बोटं मोजली आणि म्हणाला, "बाई, हिला पाच पाय झाले. खूप काढून टाकू?"